परदेशात कॅम्पिंग आणि कॅरावॅन : सभासद कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची मुले, सुना, जावई आज अमेरिका, कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये आहेत. उन्हाळा लागला की आई-बाबांच्या बॅगा भरायला सुरुवात होते. पूर्वी तिकडे गेल्यावर चार शहरे पाहायची आणि हॉटेलात राहायचे, असा बेत असे. आता मुले म्हणतात, "बाबा, या वेळी कॅरावॅन घेऊ. गाडीतच राहू, गाडीतच स्वयंपाक करू." कल्पना उत्तम आहे. नातवंडांबरोबर सलग आठ-दहा दिवस मिळतात, जेवण आपल्या हातचे असते आणि सकाळी डोळे उघडले की समोर तळे किंवा डोंगर दिसतो. मात्र हॉटेलात चालून जाणारी चूक येथे महागात पडते. परवाना, विमा, वजन, गॅस, सामानातील खाद्यपदार्थ या गोष्टी निघण्याआधीच नीट समजून घ्याव्या लागतात. आमच्यातल्या काही कुटुंबांना आलेले अनुभव आणि त्या त्या देशातील नियम एकत्र करून आम्ही ही माहिती तयार केली आहे.

कोणती गाडी घ्यावी?

तिकडे चार प्रकार दिसतात. पहिला तंबू आणि साधी मोटार. दुसरा कॅम्परव्हॅन, म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या गाडीत बसवलेली झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. तिसरा मोटरहोम, ही मोठी गाडी असून तिच्यात शौचालय आणि न्हाणीही असते. अमेरिकेत हिला सरसकट आरव्ही म्हणतात. चौथा कॅरावॅन किंवा ट्रेलर, म्हणजे मोटारीच्या मागे ओढून न्यायची खोली. बोलताना आपण सगळ्यांनाच कॅरावॅन म्हणतो, पण गाडी ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा. ट्रेलर मागे घेणे हे सवयीचे काम आहे. पहिल्याच वेळी त्याच्या वाटेला जाऊ नये. दोन ज्येष्ठ, मुलगा-सून आणि दोन नातवंडे असतील, तर मोटरहोम सोयीचे पडते.

गाडी ठरवताना सगळ्यांत मोठी फसगत होते ती आसनांच्या बाबतीत. जाहिरातीत 'सहा जणांसाठी' लिहिलेले असते. त्याचा अर्थ सहा जण झोपू शकतात, एवढाच. प्रवासात सीटबेल्ट असलेली आसने चारच असू शकतात. आमच्यातल्या एका कुटुंबाला हे गाडी ताब्यात घेताना कळले. शेवटी आजी-आजोबा रेल्वेने पुढच्या गावी गेले आणि सहलीचे पहिले दोन दिवस चुकामुकीतच गेले. म्हणून आरक्षण करतानाच 'झोपायच्या जागा किती' आणि 'सीटबेल्ट किती' असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. लहान मुलांची खुर्ची कोणत्या आसनावर बसते, हेही विचारावे. गाडी चालू असताना मागे उठून चहा करणे, पलंगावर आडवे होणे मुळीच चालत नाही.

चालकाच्या केबिनवरचा पलंग शिडीने चढायचा असतो. तो मुलांना द्यावा. रात्री उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांना खालचाच पलंग हवा. उशाशी छोटी बॅटरी ठेवावी.

परवाना आणि कागदपत्रे

गाडी मुलगा किंवा सून चालवणार असेल आणि त्यांच्याकडे तिथला परवाना असेल, तर प्रश्न सोपा आहे. इंदूरहून जाणारे कोणी चालवणार असेल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर होतो आणि आपले आरटीओ कार्यालय नायता मुंडला येथे आहे. अर्जाचा नमुना ४-ए असून शुल्क १,००० रुपये आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि चालू परवाना लागतो. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढ्याच काळापुरता. तो एकटा पुरत नाही, मूळ भारतीय परवानाही जवळ असावा लागतो. भारताचा हा परवाना १९४९च्या जिनिव्हा करारानुसार असतो. तो कुठे चालतो आणि किती काळ, हे देशागणिक बदलते. उदाहरणार्थ, जपानमध्ये तो चालतो, चीनमध्ये चालत नाही.

यातली एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट वजनाची आहे. आपल्याकडे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. युरोपात मोटारीच्या परवान्याची मर्यादा साधारणपणे ३,५०० किलो आहे. ब्रिटनमध्येही पाहुण्यांना भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत ३.५ टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्याहून जड मोटरहोम चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. नुकसान लाखांत जाते आणि ते यजमान मुलाच्या नावावर येते.

सामान भरतानाही हाच हिशेब आडवा येतो. समजा गाडीची मर्यादा ३,५०० किलो आहे आणि रिकामी गाडी ३,००० किलोची आहे. उरले ५००. चार माणसांचे २७० किलो, पाण्याच्या भरलेल्या टाकीचे १०० किलो. राहिले १३० किलो, त्यात गॅस, भांडी, किराणा, बॅगा, सायकली सगळे. युरोपात पोलीस रस्त्यात गाडी वजनकाट्यावर घेतात आणि जादा वजनाला दंड करतात.

शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा मागतात. "गाडीत झोपू" हे उत्तर पुरेसे नाही. भाड्याच्या गाडीचा करार आणि कॅम्पसाइटची आरक्षणे जोडावीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

गाडीचे भाडे आणि विमा

भाड्याच्या करारात तीन गोष्टी वाचाव्यात. एक, अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती रक्कम जाणार. दोन, छप्पर, गाडीचा खालचा भाग आणि काचा विम्यात आहेत का. पुष्कळदा नसतात, आणि नवख्याच्या हातून छपरालाच मार बसतो. तीन, कच्च्या रस्त्याने किंवा रात्री गाडी नेण्याची परवानगी आहे का. ऑस्ट्रेलियातील करारांत याबाबत विशेष बंधने असतात. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात.

अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्डच मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर अडून बसू नये. वयाची वरची मर्यादा काही कंपन्यांकडे असते, ती ज्येष्ठांनी आधीच विचारावी. प्रवास विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया काहीही लपवू नये. हप्ता थोडा वाढतो, पण वेळ आली तर दावा फेटाळला जात नाही.

गाडी चालवताना

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपान येथे आपल्यासारखेच डावीकडून चालतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या मुख्य भूमीवर उजवीकडून. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी ताब्यात घेऊ नये. एक रात्र झोप घ्यावी.

गाडीची उंची मीटर आणि फूट दोन्हींमध्ये कागदावर लिहून समोर चिकटवावी. मोटरहोम तीन मीटरच्या आसपास किंवा अधिक उंच असते. जुने पूल, पेट्रोलपंपाचे छत आणि पार्किंगचे आडवे दांडे येथेच छप्पर फाटते. गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून उभे राहावे. उतारावर सतत ब्रेक दाबू नये. मानपूरच्या घाटात ट्रकवाले उतरतात तसे खालच्या गिअरमध्ये उतरावे.

स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ३.५ टनांपर्यंतच्या गाडीला ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो. ऑस्ट्रियातही असाच शुल्क-परवाना आहे. इटलीच्या जुन्या शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाचे पत्र काही महिन्यांनी येते.

मुक्काम कुठे करता येतो?

'मोकळी जागा दिसली, लावली गाडी' असे बहुतेक देशांत चालत नाही.

अमेरिका : राष्ट्रीय उद्यानांतील कॅम्पसाइट सरकारी आरक्षण संकेतस्थळावरून मिळतात. योसेमिटीसारख्या ठिकाणी काही महिने आधी आरक्षण खुले होते आणि काही मिनिटांत संपते. राज्यांची उद्याने आणि खासगी कॅम्पसाइट हा दुसरा पर्याय आहे. खासगी ठिकाणी वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जागेवरच मिळते.

ब्रिटन : इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते. डार्टमूर हा अपवाद आहे. तिथला तंबू ठोकण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये कायम ठेवला. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबूला मुभा आहे, गाडीला नाही. लॉक लोमंड परिसरात १ मार्च ते ३० सप्टेंबर काही भागांत परवाना लागतो.

नॉर्वे : १९५७च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात तंबू लावता येतो, मात्र वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर. मालकाला न विचारता एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. ही सवलत पायी जाणाऱ्यांसाठी आहे. गाडी रानात घालता येत नाही.

जर्मनी आणि फ्रान्स : मोटरहोमसाठी खास थांबे असतात. जर्मनीत त्यांना स्टेलप्लाट्झ आणि फ्रान्समध्ये एर म्हणतात. ते कॅम्पसाइटपेक्षा स्वस्त असतात, पण सोयी कमी असतात. जर्मनीत मनाई नसलेल्या रस्त्याकडेला थकवा घालवण्यापुरती एक रात्र थांबता येते. तिथे खुर्च्या-टेबल मांडून बसू नये.

न्यूझीलंड : मोकळ्या जागी राहण्याबाबत २०११चा कायदा आहे आणि २०२३मध्ये तो कडक झाला. गाडीत पक्के बसवलेले शौचालय आणि तसे प्रमाणपत्र असेल, तरच अनेक ठिकाणी थांबता येते. भाड्याची गाडी घेताना हे प्रमाणपत्र पाहावे.

कुठेही गेलात तरी अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचावे. दिवसाला २०० ते २५० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. ज्येष्ठ आणि मुले सोबत असताना एका जागी दोन रात्री राहिल्यास सहल सुखाची होते.

बॅगेतला खाऊ : येथे सर्वांत जास्त जपावे

मुलाकडे जायचे म्हटले की आपल्या बॅगेत शेव, पेढे, तूप, लोणचे, मसाले असतातच. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत.

युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, मावा, चक्का घरीच ठेवावे. बेसनाची शेव, भाजणी, पोहे यांना ही अडचण नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत सर्वांत कडक आहेत. बिया, डाळी, कढीपत्ता, मध, ताजी फळे, दुधाचे पदार्थ, सगळे कार्डावर जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली, तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो आणि ऑस्ट्रेलियात प्रसंगी व्हिसाही रद्द होतो. विमानात मिळालेले सफरचंद पर्समध्ये राहून गेले, तरी नियम तोच. वापरलेले बूट आणि तंबूचे खिळे माती काढून, धुऊन न्यावेत.

आता माळव्यातल्या घरांसाठी खास सूचना. मंदसौर-नीमच आपल्या शेजारी, त्यामुळे खसखस आपल्या स्वयंपाकघरात नेहमीची. अनारसे तर तिच्याशिवाय होत नाहीत. पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे आणि तिथे ती अमली पदार्थाच्या कायद्यात येते. आपले कित्येक प्रवासी दुबई-शारजामार्गे जातात. खसखस, खसखस घातलेला मसाला किंवा अनारसे अशा मार्गाने मुळीच नेऊ नयेत. येथे केवळ दंडावर भागत नाही.

प्रेशर कुकर विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालतो. गॅसचे छोटे डबे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी.

गाडीतला स्वयंपाक, वीज आणि गॅस

पोहे, भाजणी, मेतकूट, पिठल्याचे पीठ आणि तांदूळ एवढ्यावर आठवडा निघतो. गाडीत खमंग फोडणी केली की धुराचा भोंगा वाजतो आणि वास गादीत बसतो. फोडणी बाहेर, टेबलावरच्या शेगडीवर करावी. उरलेले तेल मोरीत ओतू नये.

अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आहे. आपला मिक्सर तिथे चालत नाही. युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये २३० व्होल्ट आहे, पण कॅम्पसाइटवर पुष्कळदा ६ किंवा १० अँपिअरच मिळते. ६ अँपिअर म्हणजे सुमारे १,३८० वॅट. किटली आणि हीटर एकदम लावले की वीज जाते. थंडीत ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास पेटत नाही. तिथे प्रोपेन घ्यावा.

गॅसची शेगडी किंवा निखारे ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत किंवा तंबूत कधीही ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी ठेवल्याने जीव गेल्याच्या बातम्या आपणही वाचतो. तंबूचा पातळ कपडाही या वायूला पुरेशी वाट देत नाही. विझत आलेली बार्बेक्यूची शेगडीही आत घेऊ नये. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आहे का आणि तो चालतो का, हे गाडी घेतानाच बटण दाबून पाहावे.

पाणी आणि शौचालय

स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी अशा तीन टाक्या असतात. लहान गाड्यांत शौचालयाची टाकी सुमारे २० लिटरची, हाताने ओढून काढायची असते. आपल्या सवयीने पाणी वापरले, तर चार माणसांत ती एका दिवसात भरते. म्हणून दिवसा कॅम्पसाइटचे शौचालय वापरावे आणि गाडीतले रात्रीपुरते ठेवावे. टाकी ठरलेल्या जागीच, हातमोजे घालून रिकामी करावी. अमेरिकेतील आरव्हीत नळी जोडून आधी शौचालयाची टाकी सोडावी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. अंघोळीला शॉवर दोन मिनिटे. साबण लावताना पाणी बंद.

प्राणी, थंडी आणि आरोग्य

अमेरिका-कॅनडाच्या अस्वलांच्या भागात तंबूत किंवा साध्या मोटारीत रात्री अन्न ठेवू नये. कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत ठेवावे. अन्नात उदबत्ती, केसांचे तेल, टूथपेस्ट, बाळाची पावडर हेही धरावे, कारण अस्वल वासावर येते. सरपण दूरच्या गावाहून आणू नये. त्यातून झाडांची कीड पसरते. आग पेटवण्यास बंदी आहे का, हे रोज विचारावे.

डोंगरात जूनमध्येही रात्री कडाक्याची थंडी पडते. झोपण्याच्या पिशवीवर दोन तापमाने लिहिलेली असतात. त्यातले 'कम्फर्ट'चे तापमान पाहावे. युरोप आणि ईशान्य अमेरिकेच्या गवतात गोचिडी असतात. त्यांच्यामुळे लाइम आजार होतो. संध्याकाळी मुलांचे पाय आणि काखा तपासाव्यात. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि सहलीपेक्षा दहा दिवसांची जास्त न्यावीत.

तातडीचे क्रमांक : अमेरिका व कॅनडा ९११, युरोप ११२, ब्रिटन ९९९, ऑस्ट्रेलिया ०००, न्यूझीलंड १११. मुक्कामाच्या जागेचे नाव आणि क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. मुलगा बाहेर गेला असताना आजी-आजोबांना फोन करावा लागला, तर हीच चिठ्ठी उपयोगी पडते.

वागणूक

रात्री दहानंतर बहुतेक ठिकाणी शांतता पाळतात. अंताक्षरी त्याआधी आटोपावी. दुसऱ्याच्या जागेतून आडवे जाऊ नये. कचरा वेगळा करण्याचे आपल्याला सांगायला नको. २०१७पासून इंदूरने स्वच्छतेत जे नाव कमावले, ते तिकडेही राखावे.

आधी घरच्या जवळ सराव

ज्यांनी कधी तंबूत रात्र काढली नाही, त्यांनी निघण्याआधी एकदा हनुवंतियाच्या तंबूनगरीत किंवा मांडवला कुटुंबासह मुक्काम करून पाहावा. गुडघे, कंबर आणि झोप यांचे उत्तर तिथेच मिळते. नाही जमले, तर मुलांना स्पष्ट सांगावे. त्यांनी गाडीत राहावे, आपण जवळच्या कॅम्पसाइटवरच्या लाकडी खोलीत. अशा खोल्या बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतात आणि सहल एकत्रच होते.

नियम आणि शुल्क बदलत असतात. निघण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा तपासून घ्यावे. ज्या सभासदांनी अशी सहल केली आहे, त्यांनी आपले अनुभव आम्हाला जरूर कळवावेत. त्याप्रमाणे ही माहिती आम्ही वाढवत राहू.